खोटं, तेही हप्त्याहप्त्याने

आज ऑफिसात एकजण म्हणाला, "विमान म्हटलं की लेट होणारच, त्यात एवढं काय!" तेव्हा गप्प बसले. आता घरी आल्यावर राहवत नाहीये. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

संक्रांतीच्या आठवड्यात आई मुंबईहून मामाकडे नागपूरला निघाली होती. संध्याकाळी ५ चं विमान. साडेचारला मेसेज आला: पाऊण तास उशीर, ‘ऑपरेशनल’ कारण. मग आणखी पाऊण तास. मग आणखी. साडेनऊला विमान रद्द.

मला राग उशिराचा नाही हो. मी घरी बसून फ्लाइटरडार (कुठलं विमान आत्ता कुठे आहे ते दाखवणारं ॲप) उघडलं होतं. आईचं विमान दिल्लीहून यायचं होतं आणि साडेपाचला ते दिल्लीतच उभं होतं. दिल्ली-मुंबई दोन तास, मग माणसं उतरणार, सफाई, इंधन. तरी आईच्या फोनवर नवी वेळ ६:३० ची! मला चर्चगेटच्या लोकलमध्ये उभ्याने करता येणारं गणित ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना येत नाही? येतं. सांगायचं नसतं.

एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला खेपा मारतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलं की संध्याकाळपर्यंत प्रत्येक खेप मागे पडते. त्यात पायलटचे ड्युटीचे तास संपले की दुसरा पायलट शोधा. त्यात आपली मुंबई. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी एकच चालते. ठरलेली वेळ हुकली की रांगेत उभे राहा. (नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय. बघू काय फरक पडतो.)

बरं, मान्य. धुकं कुणाच्या हातात नाही, आणि पायलटला झोप मिळालीच पाहिजे. पण पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये विमानं रद्द होऊन हजारो माणसं विमानतळांवर अडकली तेव्हा जणू काल रात्रीच कुणीतरी नियम काढला असा विमान कंपनीचा आव! चीड येते.

गेटवरच्या त्या मुलीबद्दल मात्र राग नाही. विशीतली पोर, शंभर माणसं अंगावर ओरडतायत, आणि तिला स्वतःलाच काही कळवलेलं नाही. आई म्हणाली, तिचे हात थरथरत होते.

आईला व्हीलचेअरवाल्याने गेटपाशी सोडलं तो गेलाच. नागपूरसारख्या छोट्या प्रवासाला दोन तासांच्या वर उशीर झाला की खायला देणं डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमात आहे. आईला मिळालं आठ वाजता, तेही मागितल्यावर. थंडगार सँडविच आणि साखरेचा ज्यूस, मधुमेही बाईला. शेवटी तिने मामासाठी नेलेला गुळपोळ्यांचा डबा उघडून शेजारच्या बाईच्या रडणाऱ्या पोराला खाऊ घातलं.

आणि आता खरी गंमत. साडेनऊपर्यंत कारण ‘ऑपरेशनल’. रद्द झाल्याबरोबर कारण ‘हवामान’! का? तर २४ तास आधी न कळवता रद्द केलं तर ५,००० ते १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी ते द्यावं लागतं. हवामान म्हटलं की सुटका. नुसत्या उशिराला तर रोख भरपाईच नाही. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, बस. मग ढकलत राहण्यात कुणाचा फायदा, तुम्हीच सांगा.

मी आता घरच्यांना सांगून ठेवलंय: पहाटेचं पहिलं विमान घ्या, ते बहुधा रात्रीच येऊन उभं असतं. दिवसातलं शेवटचं टाळा, रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं काही उरत नाही. पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर घ्या. आणि प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण बदलतं तेव्हा तोच कामी येतो.

आमचे सगळे स्क्रीनशॉट जोडून एअरसेवावर (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार टाकलीये. कुणाला तिथून खरंच पैसे मिळाले असतील तर लिहा, काय काय जोडलं होतं तेही. आणि "ट्रेनने जायचं ना" लिहिणाऱ्यांनी आधी संक्रांतीच्या आठवड्यात विदर्भ एक्स्प्रेसचं कन्फर्म तिकीट काढून दाखवावं.