आबा, ‘आमनापाशी लपाडाले काय शे?’ याचं उत्तर जरा लांबलंय

राम राम आबा,

ट्रॅकर (साइटच्या पानात बसून आपण काय बघतो त्याची नोंद घेणारा बाहेरच्या कंपनीचा कोड) दाखवणाऱ्या एक्स्टेंशनबद्दल, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामबद्दल, मी लिहिलं त्यावर तुमची कॉमेंट आली, ती दोन ओळीत उत्तर देण्यासारखी नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आबांचं म्हणणं असं, की रावेर-यावलकडच्या केळीवाल्या माणसाकडं लपवायला आहे काय (‘आमनापाशी लपाडाले काय शे?’ हे त्यांचेच शब्द), एक्स्टेंशनमध्ये दिसणारी ही लाल ठिपक्यांची जाळी दाखवून तुम्ही लोकांना उगाच घाबरवता, वर ही एक्स्टेंशनच ‘सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचू द्या’ म्हणतात मग त्यांच्यावर भरोसा कसा ठेवायचा, आणि सगळ्यांनी जाहिराती बंद केल्या तर मराठी साइट चालणार कशावर. शिवाय गावात कॉम्प्युटर कोणाकडं आहे, सगळं फोनवरच.

पहिला मुद्दा मला अजिबात पटला नाही आबा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून त्यावर जास्त बोलतो. समजा माल कापणीला आलाय, व्यापारी बांधावर उभा आहे आणि त्याला आधीच माहितीये की तुमचा सोसायटीचा हप्ता थकलाय, घरात दवाखाना चालू आहे आणि अजून आठ दिवस माल ठेवता येत नाही. तुम्ही कुठलंच वाईट काम केलेलं नाही, लपवण्यासारखं काही नाही, तरी तो जाहीर भावापेक्षा कमीच बोलणार, कारण तुमची नड त्याला कळली आणि त्याची तुम्हाला कळली नाही. मी प्रायव्हसी म्हणतो ती एवढीच, की समोरच्याला माझ्याबद्दल किती कळलंय ते मला माहीत असावं.

आता हे इंटरनेटवर कसं होतं ते बघा. एखादा माणूस संध्याकाळी फोन घेऊन बसतो, केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आलाय त्याचं वाचतो, मग पीक कर्जाचं एक पान उघडतो, मग आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं, मग मुलीच्या हॉस्टेलचं. चार वेगळ्या साइट, प्रत्येकीला तिच्यापुरतंच कळलं, यात गैर काही नाही. पण त्या चारही पानांत एकाच तिसऱ्या कंपनीचा छोटासा कोड असला तर प्रत्येक वेळी तुमचा ब्राउझर त्या कंपनीच्या सर्व्हरलासुद्धा जाऊन भेटतो, आणि जाताना कुकीतला (त्या कंपनीनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतला) तोच नंबर, तुमचा आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता आणि बहुतेक वेळा तुम्ही कुठल्या साइटवर आहात हेही देतो. म्हणजे साइटवाल्यांना एकेक तुकडा मिळाला आणि ज्या कंपनीचं नावही तुम्ही ऐकलं नाही तिला अख्खं घर कळलं. तुमचं नाव तिला लागतच नाही, नंबर एकच आहे तेवढं पुरतं.

ती जाळी नेमकं हेच दाखवते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात अतुल वर्मा यांनी २०११ मध्ये कोल्युजन नावाचं एक्स्टेंशन केलं, २०१३ ला त्याचंच लाइटबीम झालं, २०१९ मध्ये ते बंद पडलं. त्यात तुम्ही उघडलेल्या साइट एका आकारात, तुम्ही न उघडताही मागून जोडल्या गेलेल्या दुसऱ्या आकारात, आणि मध्ये रेघा. बघणाऱ्याच्या पहिल्यांदा लक्षात यायचं की वेगवेगळ्या वाटणाऱ्या साइट मागून एकाच ठिकाणी जोडलेल्या आहेत. याला घाबरवणं म्हणू नका आबा, जे चाललंय ते दिसायला लागलं एवढंच.

तरी आकड्याबद्दल तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. एखाद्या पानावर चाळीस बाहेरचे डोमेन (वेगळ्या साइटचे पत्ते) दिसले म्हणजे चाळीस जण पाळतीवर आहेत असं नसतं, त्यात कुठून फॉन्ट येतो, कुठून व्हिडिओ, कुठून नकाशा. बातम्यांच्या साइटवरच्या तीस ट्रॅकरपेक्षा दवाखान्याच्या पानावरचा एक ट्रॅकर मला जास्त वाईट वाटतो. अमेरिकेत द मार्कअप या पत्रकारांच्या संस्थेनं २०२२ मध्ये तिथल्या नावाजलेल्या १०० हॉस्पिटलच्या वेबसाइट तपासल्या तर ३३ ठिकाणी फेसबुकचा पिक्सेल नावाचा ट्रॅकर सापडला, अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की फेसबुकला माहिती जात होती, काही ठिकाणी तर डॉक्टरचं नाव आणि कशासाठी जाताय तेही. त्या पेशंटपैकी कोणाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता की माझ्याकडं लपवायला काय आहे.

आता एक्स्टेंशनच्या परवानगीचं. इथं तुम्ही बरोबर बोट ठेवलंय आणि ही शंका प्रत्येकानं घ्यायलाच पाहिजे. वेब ऑफ ट्रस्ट नावाचं एक्स्टेंशन साइट सुरक्षित आहे की नाही ते सांगायचं, २०१६ मध्ये जर्मन पत्रकारांनी दाखवलं की लोकांची ब्राउझिंग हिस्टरीच त्यातून विकली जात होती. अवास्ट तर अँटीव्हायरसवाली कंपनी, तिनंही जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत तेच केलं, २०२० मध्ये बाहेर आलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. म्हणून मी ट्रॅकर अडवणाऱ्या एक्स्टेंशनची दोनच नावं सांगतो, युब्लॉक ओरिजिन (हे जाहिरातीही अडवतं) आणि प्रायव्हसी बॅजर. दोन्हींचा कोड उघडा आहे, कोणीही तपासू शकतं, आणि बॅजर ईएफएफ ही ना-नफा संस्था चालवते. परवानगी तीही मागतात, कारण पान कोणाकडं काय मागतंय ते बघितल्याशिवाय अडवणार कसं.

आणि काहीच टाकायचं नसेल तर टाकू नका. मार्कअपवाल्यांचंच ब्लॅकलाइट आहे, त्यांच्या पानावर जाऊन कुठल्याही साइटचा पत्ता टाकायचा, ते स्वतःच्या सर्व्हरवरून ती साइट उघडून सांगतं किती ट्रॅकर, किती बाहेरच्या कुकीज, तुमचं स्क्रोलिंग-क्लिक रेकॉर्ड करणारं काही आहे का, फॉर्म सबमिट करायच्या आधीच टाइप केलेलं उचलणारं काही आहे का. हा शेवटचा प्रकार लोकांना खरा वाटत नाही पण आहे, आणि कर्जाच्या फॉर्मवर अर्धा नंबर लिहून मागं फिरणाऱ्या माणसानं तो नक्की बघावा.

‘ब्राउझर कंपन्या बघून घेतील’ असंही एका वाक्यात लिहिलंय तुम्ही. सफारीनं मार्च २०२० पासून बाहेरच्या कुकीज पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमनं २०२० मध्ये सांगितलं दोन वर्षात काढतो, मग पुढं ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला, आणि जुनं युब्लॉक ओरिजिन आता क्रोममध्ये चालत नाही, त्याचं लाइट रूप चालतं. आपल्याकडच्या बहुतेक फोनवर आधीपासून क्रोमच असतो, तेव्हा बघून घेतील यावर मी तरी थांबणार नाही.

जाहिरातींचं म्हणाल तर केळीच्या लेखाशेजारी ठिबकची जाहिरात दिसली तर मला आनंदच आहे, त्यासाठी वाचणारा कोण हे कळायची गरज नाही. बॅजर जाहिरात म्हणून काही अडवत नाही, पाठलाग करणारी असली तरच अडवतो. ज्या मराठी साइट साध्या जाहिराती लावतात त्यांच्यासाठी युब्लॉक बंद ठेवा, एका बटणाचं काम आहे.

राहता राहिला कायदा, कारण ‘तक्रार कोण ऐकतंय’ हेही तुम्ही विचारलंय. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिलीये. त्यात संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतसुद्धा. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. आज गावातला माणूस ‘आय ॲग्री’ दाबतो ते वाचून दाबत नाही, कारण वाचता येईल असं तिथं काही नसतंच.

फोनवर करायचं असेल तर क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकता येत नाही, फायरफॉक्स घ्या, त्यात युब्लॉक टाकता येतं. मात्र ब्राउझरमधलं काहीही फोनमधल्या ॲपना लागू होत नाही, आणि खरी गडबड तिथंच जास्त आहे. त्यासाठी एक्सोडस प्रायव्हसी म्हणून फ्रेंच संस्थेची साइट आहे, ॲपचं नाव टाकलं की आत कुठकुठल्या कंपन्यांचे ट्रॅकर आहेत आणि ॲप काय काय परवानग्या मागतं त्याची यादी येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग ॲड्स, तिथं जाहिरातीचा आयडी (ॲपना तुम्हाला ओळखायला मिळणारा फोनचा नंबर) डिलीट करायचं बटण असतं, तेवढं आजच दाबून टाका.

तुमच्या पोराच्या फोनमध्ये ते झटपट कर्जवालं ॲप आहे असं लिहिलंय ना, त्याचं नेमकं नाव कळवा. एक्सोडसवर बघून काय निघतं ते इथंच खाली लिहितो.