बटण दाबून घरी येऊन झोपायचं? लेस्ली मॅन्सरबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर पायलट लेस्ली मॅन्सरचा फोटो लावून एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आला. बॉम्बर पायलटचं काय एवढं कौतुक, अंधारात वरून बटण दाबायचं नि घरी येऊन झोपायचं, हा पोरगा विमान पडलं म्हणून मेला, साथीदारांना वाचवल्याची गोष्ट सरकारने मागाहून रचली, आणि शेवटी गोऱ्यांचाच माणूस, आपल्याला काय त्याचं. वाचून राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

घरी येऊन झोपायचं म्हणे! ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये त्या युद्धात विमानातून जाणारे साधारण सव्वा लाख जण होते, त्यातले 55,573 मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. आणि बटण पायलट दाबायचाच नाही, ते काम नेम धरून बॉम्ब सोडणाऱ्या बॉम्ब एमरचं. पायलटने खालून तोफा चालू असताना, सर्चलाइट डोळ्यात जात असताना विमान सरळ धरून ठेवायचं.

विमान पडलं म्हणून मेला, हे तर मला सगळ्यात जास्त लागलं. 30 मे 1942 ची रात्र, जर्मनीतल्या कलोनवर हजाराहून जास्त विमानं एकाच रात्री पाठवली होती, त्यात मॅन्सरचं मँचेस्टर जातीचं बॉम्बर विमान होतं. या मँचेस्टरला दोनच इंजिनं, ती व्हल्चर इंजिनं मुळात बेभरवशाची, एक गेलं की विमानाला उंची धरवत नसे. कलोनवर तोफांचा मार बसला, मागचा गनर जखमी झाला, तरी बॉम्ब टाकून तो परत फिरला, आणि मग डावं इंजिन पेटलं. दहा मिनिटं आग चालू होती. ती विझली पण इंजिन कायमचं गेलं, पंखाचा काही भाग जळला, वेग कमी कमी होत गेला. त्याच वेळी सगळे उड्या मारून मोकळे होऊ शकले असते, पण विमान नि माणसं घरी न्यायची म्हणून तो झगडत राहिला. बेल्जियमवर आल्यावर मात्र जमेना तेव्हा त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. सहकारी पायलट बेव्हीस्टॉकने त्याच्यापुढे पॅराशूट धरलं तर त्याने ते हाताने बाजूला सारलं, तू आधी उडी मार, मी अजून काही सेकंदच विमान स्थिर धरू शकेन म्हणून. बेव्हीस्टॉकने उडी मारली तेव्हा विमान इतकं खाली आलं होतं की पॅराशूट उघडायलाही पुरेसा वेळ नव्हता, पाण्याने भरलेल्या चरात पडला म्हणून वाचला. सहाच्या सहा जण वाचले. मॅन्सर विमानासकट गेला. त्याला वीस वर्षं पूर्ण होऊन वीसच दिवस झाले होते.

गोष्ट रचली म्हणता, तर सांगितली कोणी ते बघा. त्या सहातला एकटा नॅव्हिगेटर जर्मनांच्या हाती लागला, बाकी पाच जण बेल्जियन लोकांच्या मदतीने लपतछपत इंग्लंडला पोचले, आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये मॅन्सरला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झालं. तोवर घरच्यांना तरी काय माहीत असणार!

मेसेजवर कुणीतरी लिहिलंय की कलोनमध्ये त्या रात्री सामान्य माणसं मेली. हो, मेली, चारशेच्या वर. ते लपवायचं कारण नाही, आणि शहरांवर बॉम्ब टाकायचं ते धोरण मलाही पटत नाही. पण ते वर बसलेल्यांनी ठरवलं होतं. त्या कॉकपिटमध्ये शेवटच्या काही सेकंदात काय करायचं ते त्या पोराने ठरवलं.

राहिलं आपल्याला काय त्याचं. त्याचा जन्म 11 मे 1922 चा, नवी दिल्लीतला, वडील इथे पोस्ट अँड टेलिग्राफमध्ये इंजिनिअर, सुरुवातीची शाळा दार्जिलिंगजवळच्या कुर्सियाँगची. आता तो बेल्जियममध्ये हेव्हरलीच्या युद्ध दफनभूमीत आहे, आणि जिथून तो त्या रात्री उडाला त्या लिंकनजवळ लहान मुलांच्या एका शाळेला त्याचं नाव दिलंय.