दहा हजारांत फॉरेक्स, रोज दोन टक्के, तेही कायदेशीर? जरा हिशेब मांडू

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक मेसेज शब्द बदलून बदलून फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: दहा हजारांत फॉरेक्स (परकीय चलनांची खरेदी-विक्री) सुरू करा, १:५०० लिव्हरेज मिळतं, म्हणजे एका रुपयावर पाचशेचा सौदा, दिवसाला फक्त दोन टक्के काढा, स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला सौदा बंद करायची सूचना) लावला की तोटा ठरलेला, ब्रोकर कमिशन घेत नाही, आणि एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, म्हणजे सगळं कायदेशीर.

आधी कायदा, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. एलआरएसची २,५०,००० डॉलरची मर्यादा खरी आहे. शिक्षण, प्रवास, उपचार, परदेशी शेअर यांसाठी ती वापरता येते. पण त्याच योजनेत काय चालत नाही तेही लिहिलेलं आहे, आणि परदेशी एक्स्चेंजला किंवा परदेशातल्या समोरच्या पार्टीला मार्जिन (सौद्यासाठी तारण ठेवायची रक्कम) किंवा मार्जिन कॉल (ते कमी पडलं की येणारी भर घालायची मागणी) यांसाठी पैसे पाठवणं त्यात स्पष्टपणे येतं. ॲपमध्ये ज्याला ‘डिपॉझिट’ म्हणतात ते मार्जिनच. फेमा या परकीय चलन कायद्याच्या कलम १३ खाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

परकीय चलनाचे ऑनलाइन सौदे करायचे तर ते रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचावर किंवा एनएसई, बीएसई, एमएसई या एक्स्चेंजवरच. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ३४ नावांची सावधानतेची यादी काढली आणि पुढे ती वाढवत नेली. ‘आमचं ॲप त्या यादीत नाही’ हे उत्तर फसवं आहे. यादीत नाव नाही म्हणून परवानगी आहे असं समजू नये, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं आहे. नाव शोधायचं ते परवानगी मिळालेल्यांच्या यादीत.

मग एनएसईवर डॉलर-रुपया फ्युचर (आज भाव ठरवून पुढच्या तारखेचा सौदा) घेता येईल का? एक लॉट १,००० डॉलरचा, भाव कमीत कमी ०.००२५ रुपयाने हलतो (याला टिक म्हणतात), म्हणजे एका टिकला अडीच रुपये. नवशिक्याला झेपेल असं हे माप, पण ३ मे २०२४ पासून रुपयाच्या जोडीत सौदा करायला मूळ व्यवहार असावा लागतो: आयातीचं बिल, निर्यातीची येणी, परकीय कर्ज असं काहीतरी. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, याचा ‘व्यवहार नसला तरी चालतं’ असा सोयीचा अर्थ काहींनी लावला. तसं नाही. कागद मागत नाहीत, व्यवहार मात्र असलाच पाहिजे.

आता लिव्हरेज. इथे आकडेच बोलतात. खात्यात १०० डॉलर, म्हणजे साधारण दहा हजार रुपये, आहेत आणि युरो-डॉलरचा भाव १.१००० आहे असं धरा. इथे एक लॉट एक लाख युरोचा. ०.४ लॉट घेतला, म्हणजे ४०,००० युरो, ४४,००० डॉलरचा सौदा. १:५०० ने मार्जिन अडकलं ८८ डॉलर. भावातली हालचाल पिपमध्ये मोजतात. एक पिप म्हणजे ०.०००१, या आकाराला एका पिपची किंमत ४ डॉलर. स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) दीड पिप असेल तर बटण दाबताक्षणी ६ डॉलर वजा, खात्यात राहिले ९४. अनेक ब्रोकर शिल्लक मार्जिनच्या ५० टक्क्यांवर आली की सौदा आपोआप कापतात, म्हणजे इथे ४४ डॉलरवर. भाव साडेबारा पिप उलटा गेला की खेळ संपला. युरो-डॉलर एरवीच्या दिवशीही त्याच्या कितीतरी पट वर-खाली होतो. म्हणजे दिशेचा अंदाज बरोबर असूनही संध्याकाळपर्यंत तुम्ही बाजारात नसता.

शिस्तीने करायचं ठरवलं तर? एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का जोखीम, स्टॉपलॉस २० पिप. १०० डॉलरवर जोखीम १ डॉलर, म्हणजे पिपला ५ सेंट. पण बहुतेक ठिकाणी सर्वात लहान माप ०.०१ लॉट, पिपला १० सेंट. म्हणजे किमान २०० डॉलरशिवाय हा साधा नियमसुद्धा पाळता येत नाही. ‘दहा हजार पुरेत’ म्हणणारे हे गणित कधी मांडत नाहीत.

रोज दोन टक्क्यांचंही बघू. वर्षाला २५० दिवस, चक्रवाढ: दहा हजारांचे वर्षाअखेर सुमारे १४ लाख, दुसऱ्या वर्षी जवळपास २० कोटी, तिसऱ्या वर्षी २,८०० कोटींच्या वर. एवढं साधणारा माणूस तुम्हाला टेलिग्रामवर ४,९९९ रुपयांचा कोर्स विकत बसणार नाही. युरोपच्या बाजार नियामकाने, एस्माने, २०१८ मध्ये तिथल्या देशोदेशींच्या नियामकांच्या तपासणीचा हवाला देऊन सांगितलं की सीएफडीची (प्रत्यक्ष खरेदी न करता फक्त भावातल्या फरकावरचे सौदे) ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. त्यानंतर प्रमुख चलनजोड्यांवर लिव्हरेज ३०:१ पर्यंत आणलं गेलं.

स्टॉपलॉस जरूर लावावा, पण त्याला हमी समजू नये. तो लागला की त्याची मार्केट ऑर्डर होते आणि समोर जो भाव असेल त्याला भरते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकचा तळ अचानक काढून घेतला. भाव काही मिनिटांत १.०० च्या खाली गेला, मधल्या भावांना घेणारा जवळपास कुणीच नव्हता. एका मोठ्या अमेरिकी ब्रोकरच्या ग्राहकांची खाती मिळून सुमारे २२.५ कोटी डॉलरने वजा झाली. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. सोमवारी पहाटे गॅपने, म्हणजे मधले भाव ओलांडून, उघडला तरी तेच.

‘कमिशन नाही’ हे खरंच असेल, पण स्प्रेड असतो, रात्रभर सौदा ठेवला तर स्वॅप (दोन चलनांच्या व्याजातल्या फरकाचा आकार), आणि सेटलमेंट दोन दिवसांनी होत असल्याने बुधवारी रात्री शनिवार-रविवार धरून स्वॅप सहसा तिप्पट. शिवाय बरेच ब्रोकर तुमचा सौदा बाजारात पाठवतच नाहीत. समोरची बाजू तेच घेतात. तुमचा तोटा ही त्यांची कमाई.

पैसे यूपीआयने जात असतील तर घेणाऱ्याचं नाव वाचा. कंपनीऐवजी दर वेळी वेगळ्याच व्यक्तीचं किंवा दुकानाचं नाव दिसत असेल तर तिथेच थांबा. अशी खाती भाड्याची असतात, आणि तपास लागला की तुमचंही खातं गोठू शकतं. पैसे काढताना ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’ असं सांगितलं तर भरू नका, आयकर असा वसूल होत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा आणि चॅट डिलीट करू नका.