नंतर सांगते

आज आमच्या कार्यालयात सर्वसमावेशकतेवर दोन तासांचे प्रशिक्षण झाले. त्यात वीस मिनिटांची एक चित्रफीत दाखवली आणि तिला सबटायटल्स नव्हती. पहिल्या रांगेत आमचा नवा सहकारी बसला होता. त्याच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. दिवे मालवलेले, त्यामुळे शेजाऱ्याचे ओठही त्याला दिसत नव्हते. सगळे हसले की तोही क्षणभर उशिराने हसायचा. सर्वांना सामावून घ्यावे हे शिकवणाऱ्या कार्यक्रमात हे घडावे आणि कोणाच्या लक्षातही येऊ नये, याचा मला अजून संताप येतो आहे.

हे ‘उशिराने हसणे’ मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, माझ्या शेजारी एक ताई बसायच्या. त्यांना फार कमी ऐकू यायचे. बैठकीत हशा पिकला की माझ्या बाहीला हलकेच बोट लावून त्या विचारायच्या, “काय म्हणाले गं?” मी म्हणायचे, “काही विशेष नाही, नंतर सांगते.” मी कधीच सांगितले नाही. हळूहळू त्यांनी विचारणे सोडले. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात वरिष्ठांनी त्यांच्याबद्दल लिहिले, “बैठकीत सहभाग कमी.” तो कागद त्यांनी माझ्यासमोर धरला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

भेदभाव म्हटले की आपल्याला अपमान आठवतो, डावललेली बढती आठवते. ताईंना कोणी वावगा शब्द बोलले नव्हते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1958 च्या भेदभावविरोधी करारात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय आणि सामाजिक मूळ अशी कारणे नावानिशी दिली आहेत. अपंगत्व त्या यादीत नाही, यादीत आणखी कारणांची भर घालण्याची मुभा देशांना दिली आहे, तिच्यावरच ते सोडले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात मात्र स्पष्ट म्हटले आहे की वाजवी सोय, म्हणजे अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे म्हणून करायचा आवश्यक बदल, नाकारणे हादेखील भेदभावच. म्हणजे माझे ते ‘नंतर सांगते’ नुसता विसराळूपणा नव्हता.

सोय करणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये, हेही त्याच करारात आहे, आणि छोट्या कार्यालयाला प्रत्येक बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी परवडणार नाही, हे मान्य. पण सबटायटल्स असलेली चित्रफीत निवडायला काय लागते? बोलताना तोंडावरचा हात काढायला, एका वेळी एकानेच बोलायला, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवायला काय लागते?

“त्यांना ओठ वाचता येतात की,” असे आपण किती सहज म्हणतो! आरशासमोर उभे राहून पान, मान आणि भान हे शब्द आवाज न करता म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ऐकू न येणारा माणूस दिवसभर असे शेकडो शब्द संदर्भावरून ओळखत असतो, आणि संध्याकाळी तो थकलेला दिसला की आपण त्याला अबोल ठरवतो. ताईंनाही सगळे अबोलच म्हणायचे. एकदा आम्ही दोघीच उरलो असताना त्या तासभर बोलत होत्या, आणि इतके छान बोलत होत्या की आज ते आठवूनही गलबलून येते.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला. ती चित्रफीत तयार करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. माझ्याही मनात नव्हते.

मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, शेवटी सगळे कशाला हसले?” ‘नंतर’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी खुर्ची वळवून उजेडाकडे तोंड केले आणि पहिल्या प्रसंगापासून सांगायला सुरुवात केली. सुट्टी संपली, लोक आत जाऊ लागले, आणि आमचा अजून चौथाच प्रसंग चालला होता.