सोडा की हो जरा तिला!

टेकडीवर मी कुत्रीला घेऊन पळत असले की कुणी ना कुणी हे ऐकवतंच. "अहो, पळायची जात ती, आणि तुम्ही बांधून काय पळवताय? सोडा की जरा, मोकळी पळू दे बिचारी." कधी मॉर्निंग वॉकवाले काका असतात, कधी कॉलेजची पोरं, परवा तर एका ताईंनी मला थांबवून मुक्या जनावराला बंधनात ठेवण्यावर चांगलं लेक्चरच दिलं. पळताना एवढं सगळं समजावून सांगायला दम उरत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पुढच्या वेळी कुणी बोललं की सरळ ही पोस्ट पाठवणार.

तर आमची मैना कारवानी आहे, म्हणजे देशी शिकारी कुत्र्यांची एक जात, जतच्या बाजूची. लांब तोंड, पोट आत गेलेलं, फासळ्या मोजून घ्या अशी, त्यामुळे "खायला घालत नाही का हो हिला" हा दुसरा रोजचा प्रश्न, पण तो सोडू. मी काही फार मोठी रनर वगैरे नाही, हळूहळू पळणारी, पण नियमित पळणारी. मैना माझ्यासोबत पळते, मजेत पळते, आणि कायम पट्ट्यात पळते. यात तिच्यावर अन्याय वगैरे काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत मुधोळ, कारवानी, पश्मी या देशी शिकारी जाती एकदम फॅशनमध्ये आल्यात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला या जातीची कुत्री भेट दिली होती ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते (व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या बाकीच्या शौर्यकथा सोडा), 2005 साली पोस्टाचं तिकीट निघालं, मग लष्कराने मेरठला ट्रेनिंगसाठी मुधोळ नेले, 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये नाव आलं, आणि त्यानंतर जो तो पिल्लू शोधायला लागला. देशी जातीला मान मिळाला, उत्तम झालं. पण ज्या लोकांनी आयुष्यात लॅब्राडोर सोडून दुसरं कुत्रं पाळलेलं नाही ते आता 'रनिंग पार्टनर पाहिजे' म्हणून कारवानी घेतात आणि पहिल्याच आठवड्यात माळावर सोडून देतात. मग ग्रुपवर फोटो येतो, 'हरवला आहे, दिसल्यास कळवा'.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की हे कुत्रं वासावर चालत नाही, डोळ्यांवर चालतं. लांबट डोक्यामुळे डोळे बाजूला असतात, जवळजवळ 270 अंशातलं दिसतं असं म्हणतात, म्हणजे मागे काय चाललंय तेही अर्धंअधिक कळत असणार. आणि एकदा काही हललं, ससा, मोर, मांजर, वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, की कान बंद. अक्षरशः बंद! घरात बिस्किटाचा पुडा उघडला तर दोन खोल्या पलीकडून धावत येणारी मैना टेकडीवर मोर दिसला की माझा आवाज ओळखतही नाही. तिला शिकवलेलं नाही असं नाही, 'ये' म्हटलं की येते, अंगणात शंभरातले शंभर वेळा येते. पण शिकारीच्या मागे लागलेल्या हाउंडला, म्हणजे शिकारी कुत्र्याला, परत बोलावता येतं हा भ्रम आहे, आणि शेकडो वर्षं लोकांनी हिच्या वाडवडिलांना निवडलं तेच मुळी मालकाकडे वळून न बघता ससा धरण्यासाठी. ती आज्ञा मोडत नसते, ती तिचं काम करत असते.

आता वेगाचा हिशोब बघा. हे कुत्रं चारी पाय जमिनीवरून उचलतं ते एका ढांगेत दोनदा, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना. याच धाटणीचे विलायती ग्रेहाउंड तर ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जातात. कारवानी तेवढा नसेलही, पण तुम्ही "मैना" हे नाव उच्चारून पूर्ण करेपर्यंत ती बांधापलीकडे असते, आणि बांधापलीकडे पुण्यात काय असतं? रस्ता असतो. डंपर असतो. तिला डंपर दिसत नाही, तिला फक्त मांजर दिसतं.

आणि रस्ता नसला, नुसतं माळरान असलं, तर ते अजून वाईट असं मला वाटतं. सासवड, सुपे, दिवे घाटाच्या वरची बाजू, इथे लोक वीकेंडला गाडी काढून कुत्री सोडायला जातात. शहरातल्या माणसाला ती पडीक जमीन वाटते. अहो तिथे ससे आहेत, खोकड आहेत, चिंकारा आहेत, लांडगे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करून पकडणंही येतं, नुसती बंदूक नाही, त्यामुळे 'आमच्या कुत्र्याने सहज ससा धरला' असं कौतुकाने रील टाकणाऱ्यांनी जरा जपून. शिवाय आपल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखा रोग लांडग्यांना लागतो आणि आधीच थोडे उरलेत ते. वर धनगरांची मेंढरं असतात. मेंढरामागे कुत्रं लागलं आणि त्या दादांनी काठी उचलली तर त्यांचं काय चुकलं? माझ्या मते काहीच नाही.

बरं, पट्टा म्हणजे कुठला पट्टा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यातच लोक फसतात. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड. साधा बकलचा पट्टा घाला, मैना घाबरून दोन पावलं मागे सरकली आणि मान खाली घातली की पट्टा तुमच्या हातात आणि कुत्रं रस्त्यात. म्हणून हिच्यासाठी मार्टिंगेल कॉलर लागतो, रुंद, ओढ बसली की बेताने आवळणारा, गळा न दाबणारा. पळताना मात्र ओढ मानेवर नकोच, हार्नेस घ्या, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. पुढून वाय आकाराचा, म्हणजे खांदे मोकळे हलतात, आणि शक्यतो पोटामागे तिसरा पट्टा असलेला, कारण छाती खोल आणि कंबर बारीक असल्यामुळे दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून या मागे सरकून सुटतात. मी हार्नेस आणि कॉलर दोन्हींना जोडणारी छोटी दोरी लावते, एक सुटलं तर दुसरं आहे. माझ्या कमरेला बेल्ट, मधे लवचिक बंजीवाला लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, साधारण दीड-दोन मीटर.

लीश लांब असला तर कुत्र्याला मोकळीक मिळते असं वाटतं ना? हिच्या बाबतीत उलटं आहे. दहा मीटरची दोरी दिली की तिला दहा मीटर वेग घ्यायला मिळतात आणि मग दोरी संपते. पंचवीस किलोचं जनावर पूर्ण वेगात असताना एकदम थांबतं, झटका तिच्या मणक्याला बसतो, उरलेला तुमच्या खांद्याला नाहीतर कमरेला, आणि तुम्ही डांबरावर तोंडावर. ते बटण दाबलं की आत जाणारे दोरीचे डबे तर पळताना अजिबात नकोत, हातातून निसटले की खडखड आवाज करत तिच्या मागे जातात आणि ती त्या आवाजाला घाबरून अजून पळते. दोरी आखूड असली की वेग घ्यायला जागाच नाही, साधी गोष्ट.

आता ऊन. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. "देशी जात आहे हो, दख्खनच्या उन्हातली, काही होत नाही." होतं! कारवानी विलायती ग्रेहाउंडपेक्षा काटक असतो, जास्त वेळ दम धरतो, हे मान्य. अंगावर केस कमी, चरबी नाही, हेही मान्य. पण घाम नाही ना येत कुत्र्याला, थोडासा तळव्यांना येतो तेवढाच, बाकी सगळी मदार धापेवर. पूर्ण ताकदीने पळताना स्नायू इतकी उष्णता तयार करतात की धाप कमी पडते, आणि हवा दमट असली तर धापेचाही उपयोग होत नाही. मुंबई-कोकणवाल्यांनो, पारा 30 दाखवतोय म्हणून खुश होऊ नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 च्या आसपास असतं, 41 च्या वर गेलं की जिवाशी खेळ. जीभ रुंद होऊन चमच्यासारखी बाहेर लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटले, की धावणं तिथेच बंद. आधी अंगावर पाणी, जे मिळेल ते, बाटलीतलं, नळाचं, शेततळ्यातलं, आणि वारा घाला, आणि मग डॉक्टरांकडे. ओला टॉवेल नुसता पांघरून गाडीत बसवू नका, टॉवेल गरम होतो आणि उष्णता आत कोंडते. मार्च ते जून आम्ही उजाडायच्या आत परत घरी, आणि ज्या दिवशी उठायला उशीर झाला त्या दिवशी मी एकटीच पळते, ती पंख्याखाली झोपते. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात-आठ सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर तिच्या तळव्यांना कसं होईल.

गल्लीतली कुत्री हा वेगळा विषय आहे आणि प्रत्येक रनरचा त्यावर स्वतःचा सिद्धांत आहे. माझा अनुभव एवढाच की पळणं थांबवायचं. पळत राहिलात की टोळी मागे लागणारच. मी थांबते, मैनाला मागे घेते, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळू चालत त्यांची हद्द ओलांडते, अगदीच अंगावर आली तर घडीची छत्री फाडकन उघडते. हिची कातडी कागदासारखी पातळ, दुसऱ्या कुत्र्याला जिथे ओरखडा उठेल तिथे हिला टाके पडतात. रेबीजचं इंजेक्शन वेळेवर, हे सांगायला नको.

पावसाळा संपला की कुसळं. दिवाळीच्या सुमारास टेकडीवरचं गवत वाळतं तेव्हा सॉक्सला चिकटतात तीच, पण सॉक्स आपण काढून टाकतो. ती कुसळं मागे येत नाहीत, पुढेच सरकतात, बोटांच्या मधल्या मऊ कातडीतून आत शिरतात आणि आत प्रवास करत राहतात. घरी आल्यावर मैना उताणी पडते, मी मोबाईलचा टॉर्च दातात धरून एकेक बोट फाकवून बघते, चिमटा हातात, आणि ती पाय हळूच मागे ओढून घेते तेव्हा समजायचं की तिथेच आहे. सराट्याचे काटे निदान लगेच लंगडायला लावतात, कुसळ आठवडाभर गप्प बसतं आणि मग गाठ येते. गोचीडही तेव्हाच बघून घ्यायचे, कानात आणि बोटांच्या बेचक्यात.

वयाचं थोडक्यात. दीड वर्षाच्या आत लांब पळवू नका, हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यानंतरही एकदम पाच किलोमीटर नाही, थोडं चालणं थोडं पळणं करत महिन्या-दोन महिन्यांत वाढवायचं. छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून पळण्याआधी दोन तास आणि आल्यावर तासभर जेवण नाही. जोरात पळून आल्यावर लघवी गडद, चहाच्या रंगाची दिसली तर वाट बघत बसू नका, स्नायू फाटून त्याचा भार मूत्रपिंडावर येतोय, त्याच दिवशी डॉक्टर. आणि डॉक्टर नवीन असतील तर ही हाउंड आहे हे आठवणीने सांगा. ग्रेहाउंड घराण्यातल्या कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, आणि भुलीची काही औषधं उतरायला वेळ लागतो.

एक राग काढून घेते. बाइकला बांधून पळवणारे. यूट्यूबवर 'मुधोळ ट्रेनिंग' म्हणून ढिगाने आहेत, पुढे बुलेट, मागे साखळीला कुत्रं, आणि खाली 'एक नंबर भावा'. मालकाला थकवा नाही, तहान नाही, मग कुत्र्याला किती झालं हे त्याला कळणार कसं? यात्रेतल्या श्वान शर्यतींसाठी तयारी म्हणे. तुम्ही स्वतः पायांनी पळा त्याच्यासोबत, तुमची हवा निघाली की त्याचीही सुट्टी.

आता राहिलं ते काकांचं म्हणणं, की तिलाही कधी पूर्ण ताकदीने पळावंसं वाटत असेल. वाटतं, शंकाच नाही. आणि ती पळते. एका मैत्रिणीचा चारी बाजूंनी उंच तारेचं कुंपण असलेला प्लॉट आहे, तिथे पट्टा काढला की मैना कान मागे टाकून गोल गोल सुटते, वळणावर मागचे पाय घसरतात, माती उडते, दोन मिनिटं, फार तर तीन, आणि मग सावलीत जाऊन आडवी. एवढंच. पुढचे कितीतरी तास ती हलत नाही. तिची भूक तेवढीच असते, ती स्प्रिंटर आहे, माझ्यासोबतचं जॉगिंग ती खरं तर मला सोबत म्हणून करते असं मला वाटतं.

आता अडचण अशी की त्या प्लॉटवर दिवाळीनंतर बांधकाम सुरू होतंय. कोथरूड, बावधन, वारजे या बाजूला कुंपण किंवा भिंत असलेलं मोकळं मैदान, शेत, बंद पडलेलं टर्फ, काहीही कुणाला माहीत असेल तर प्लीज इनबॉक्स करा. पाच फुटांच्या खालचं कुंपण चालणार नाही, ती उडी मारते. भाडं द्यायला तयार आहे, खड्डे बुजवून देईन, घाण उचलेन.