शेतकरी कंपनीच्या अध्यक्षाचं काम
एका लेखात शेतकरी उत्पादक कंपनीचा (म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीचा) अध्यक्षच कारभार पाहतो असं म्हटलंय, ते पटलं नाही. कायद्याने रोजचा कारभार पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा, आणि तो सभासदांपैकी नसावा लागतो. अध्यक्षाने संचालक मंडळ चालवायचं: तीन महिन्यांतून किमान एक बैठक, नोटीस 7 दिवस आधी, गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) एकतृतीयांश पण निदान 3 संचालक. लातूर-धाराशिवकडे सोयाबीन निघालं की काही ठिकाणी अध्यक्ष खरेदीचा भाव फोनवरच ठरवतो आणि ठराव मागाहून लिहिला जातो. मग भाव पडला की निर्णय कुणाचा, हे इतिवृत्तात सापडतच नाही! हंगामाआधीच ठराव करून घ्या: कमाल भाव किती, दिवसाची खरेदी किती रुपयांपर्यंत, चेकवर सह्या कुणाच्या. आणि अडत्या अध्यक्षाचा नातेवाईक असेल, तर त्या विषयापुरतं अध्यक्षाने बैठकीबाहेर थांबावं.