सुपर बोलचा तो ‘मूर्ख पास’ आणि एमबीएची स्लाइड

भाच्याला एमबीएच्या प्रेझेंटेशनसाठी एक फॉरवर्ड सापडलाय. २०१५च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) पॅट्रियट्सविरुद्ध खेळणाऱ्या सीहॉक्सचे कोच पीट कॅरोल यांनी म्हणे इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय घेतला: गोललाइन एका यार्डावर असताना, बॉल घेऊन धावणाऱ्या मार्शॉन लिंचकडे तो न देता पास फेकायला लावला; पास पॅट्रियट्सनी पकडला आणि सामना गेला. लिंच हमखास घुसला असता, धावायला तीन संधी होत्या, आणि त्याला एमव्हीपी (सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळू नये म्हणून हा डाव होता. ‘मामा, भारी आहे ना?’ डोंबल!

एमव्हीपीचं आधी उरकतो. आदल्याच चालीत बॉल लिंचकडेच होता आणि त्यानेच तो पाच यार्डांवरून एकावर आणला. ज्याला हीरो होऊ द्यायचं नाही, त्याच्या हातात तिथे बॉल कोण देईल? ‘हमखास’ म्हणाल, तर त्या मोसमात एका यार्डावरून त्याला पाच वेळा बॉल मिळाला, टचडाउन (बॉल गोललाइनपार, सहा गुण) झालं एकदा.

सगळ्यात डोकं फिरवतात त्या ‘तीन संधी’. सीहॉक्स २४-२८ने मागे, घड्याळात २६ सेकंद, टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) एकच. धावणाऱ्याला मैदानात पाडलं की घड्याळ चालूच राहतं. पास खाली पडला की थांबतं. पहिली धाव अडली की टाइमआउट गेला. दुसरी अडली की ढिगाऱ्यातून माणसं उठून परत रांगेत लागेपर्यंत खेळ खल्लास. तिन्ही चाली हव्यात तर एक पास लागतोच. तो आधीच खेळला तर टाइमआउट शाबूत राहतो आणि पुढे धाव की पास, हे पॅट्रियट्सना ओळखता येत नाही. आकडेवारीच्या ‘फाइव्हथर्टीएट’ साइटवर बेंजामिन मॉरिस यांनी हे सगळं तेव्हाच मांडलं होतं: त्या मोसमात सगळ्या संघांचे मिळून एका यार्डावरून पासवर ६६ टचडाउन झाले होते, इंटरसेप्शन (समोरच्याने पास पकडणं) तोवर शून्य. त्यांच्या मते चुकले ते समोरचे कोच, बेलिचिक.

बरं, एवढं कबूल, की पास मधोमध, गर्दीत फेकायला नको होता. कोपऱ्यात टाकला असता तर चुकला तरी बाहेरच गेला असता.

पण तो हुकला नाही, हिसकावला गेला. ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणारी नव्या खेळाडूंची निवड) कुणीही न घेतलेला पॅट्रियट्सचा माल्कम बटलर सरावात याच चालीवर फसला होता. सामन्यात तीच मांडणी दिसताच तो, ज्याच्यासाठी पास होता त्या लॉकेटच्या आधी, बॉलवर झेपावला. फॉरवर्डमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. स्लाइड करायचीच असेल तर बटलरची कर रे.